आधी गळा, मग फुंकर

वाद्यावर बोट कुठं ठेवायचं ते गुरू दाखवू शकतो. पण ओठांच्या आत श्वासाचं काय चाललंय, हे शिष्याला दिसणार कसं? ट्रम्पेटला कळा तीनच. बोटं तीच ठेवून ओठ आवळले की वरचा सूर निघतो, सैल केले की खालचा. म्हणजे सूर आधी मनात हवा, तरच तो ओठांवर येतो.

आमच्या सिंधुदुर्गाला लागून, तेरेखोल नदीपलीकडं, पोर्तुगीज अमदानीतल्या गोव्यात यावर जुना तोडगा होता. चर्चच्या शाळेतला 'मेस्त्र' मुलांना आधी सोल्फेज शिकवी, म्हणजे कागदावरचे सूर वाचून गळ्यानं गायचे. या तालमीतली कितीतरी मुलं पुढं मुंबईच्या हॉटेलांत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेली. संगीतकारानं चाल गाऊन दाखवली की गोवेकर वादक ती झरझर कागदावर उतरवत.

पण कागदावर सगळंच मावत नाही. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे 'चिक चॉकलेट' (१९१६–१९६७), यांनी लुई आर्मस्ट्राँगची शैली आपलीशी केली. सूर ठेक्याच्या जरा मागून सोडायचा, शेवटी त्याला हलकी थरथर द्यायची, हे ऐकूनच उमगतं. १९५१ च्या 'अलबेला'मध्ये सी. रामचंद्रांना त्यांच्या ट्रम्पेटचा मोठा उपयोग झाला.

सनईचं घराणं याहून वेगळं. चिक यांच्याच वर्षी, १९१६ मध्ये जन्मलेले उस्ताद बिस्मिल्ला खाँ काशीत मामा अलीबक्ष यांच्याकडे शिकले. मामा विश्वनाथाच्या मंदिरात सनई वाजवत. तिथं कागद नव्हता. भोक अर्धवट उघडायचं, पत्तीवरचा ओठ सैल करायचा आणि मींड काढायची, हे सारं कानानं घ्यायचं. खाँसाहेबांची सनई ठुमरी-कजरी गायल्यासारखी वाटते, ती या तालमीमुळं.

एका घरात कागद, दुसऱ्यात फक्त कान. पण वाट दोन्हीकडं गळ्यातूनच जाते. मी वादक नव्हे, कवी आहे. तरन्नुममध्ये गझल म्हणताना श्वास चुकीच्या जागी तुटला, तर चांगला शेरही पडतो, एवढं मला ठाऊक आहे. फुंकवाद्याचं तसंच. म्हणून घरात एखादं मूल ट्रम्पेट किंवा सनई घेऊन बसलं असेल, तर त्याला आधी ती ओळ गायला सांगा. गाताना जिथं श्वास घेतला, तिथंच वाजवताना घ्यायला सांगा. बोटं काय, सरावानं वळतीलच.