माकडताप: नाव माकडाचं, काम गोचिडाचं

आजचा भाग एका तापाच्या इतिहासाचा. दोडामार्ग, सावंतवाडी किंवा गोव्यातल्या सत्तरीकडचं कोणी ऐकत असेल तर त्यांना वेगळी ओळख करून द्यायला नको. माकडताप. 2016 च्या सुरुवातीला दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात माणसं तापाने आडवी झाली आणि महाराष्ट्रात या आजाराची पहिली साथ नोंदली गेली. पण गोष्ट सुरू होते त्याच्या 59 वर्षं आधी, घाटाच्या पलीकडे.

1957 चा मार्च. तेव्हाचं म्हैसूर राज्य, शिमोगा जिल्हा, सोरब तालुका. तिथे क्यासनूर नावाचं जंगल आहे. आजूबाजूच्या गावांत लोकांना अचानक कडक ताप भरत होता. डोकं फुटेल असं दुखायचं, अंग हलवता यायचं नाही, काहींच्या नाकातून आणि हिरड्यांतून रक्त यायचं. त्याच दिवसांत जंगलात वानरं आणि लाल तोंडाची माकडं मरून पडत होती. गावकऱ्यांनी दोन्ही गोष्टी जोडल्या आणि आजाराला नाव दिलं, मंगन कायिले. कन्नडमध्ये मंग म्हणजे माकड.

खबर पुण्याला पोचली. तिथे 1952 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशनने मिळून व्हायरस रिसर्च सेंटर काढलं होतं. हीच आजची एनआयव्ही, जिचं नाव कोरोनात आपल्या सगळ्यांना पाठ झालं. डॉ. टेलफोर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी शिमोग्याला निघाले, ते मनात एक मोठी धास्ती घेऊनच. दक्षिण अमेरिकेत पीतज्वर येतो तेव्हा आधी जंगलातली माकडं मरतात आणि मग माणसं. भारतात पीतज्वर कधीच आलेला नव्हता, पण तो पसरवणारा एडिस डास मात्र घराघरातल्या पिंपात होता. हा पीतज्वर निघाला असता तर काय झालं असतं, याचा विचारच करवत नाही.

तो पीतज्वर नव्हता. माकडांच्या आणि माणसांच्या नमुन्यांतून जो विषाणू निघाला, त्याचं नातं भलत्याच ठिकाणी जुळलं: रशियाच्या जंगलांत मेंदूज्वर करणाऱ्या विषाणूंच्या कुळाशी. हे कुळ डासांचं नाही, गोचिडांचं. हॅरॉल्ड ट्रॅपिडो आणि इतर संशोधकांनी मग जंगल पिंजून काढलं. गोचीड गोळा करायची पद्धत साधी असते. कापड जमिनीवरून ओढत न्यायचं आणि त्याला चिकटलेले गोचीड वेचायचे. मुख्य आरोपी सापडला, हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा. नाव विसरलात तरी चालेल.

मग प्रश्न पडला, रशियाकडचा नातेवाईक शिमोग्यात आला कसा? एक तर्क असा होता की सायबेरियातून हिवाळ्यात येणारे पक्षी अंगावर गोचीड घेऊन आले असतील. तो तपासायला जागतिक आरोग्य संघटनेच्या पैशांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायांत कडी घालायचा मोठा प्रकल्प सुरू केला. पुढे त्यात अमेरिकन लष्कराचाही पैसा आला आणि 1970 च्या दशकात प्रकरण संसदेपर्यंत गेलं. जैविक युद्धाची तयारी चाललीय का, इथवर शंका घेतली गेली. या वादावर एक अख्खा भाग होईल, तो नंतर कधीतरी. पक्ष्यांनी विषाणू आणल्याचा पुरावा मिळाला नाही. स्थलांतराची माहिती मात्र भरपूर मिळाली.

उत्तर बरंच जवळ होतं, आणि मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

गोचीड आयुष्यात तीन वेळा रक्त पितो आणि दर वेळी यजमान बदलू शकतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू उंदीर, चिचुंद्री, पक्षी, माकड असं जे मिळेल त्याला चिकटतं. कात टाकून ते जरा मोठं होतं, तरी दिसायला खसखशीएवढंच. याच वयातला गोचीड माणसाला चावतो, म्हणून साथ साधारण डिसेंबर ते मे या कोरड्या दिवसांत असते. पूर्ण वाढ झाल्यावर मात्र त्याला मोठं जनावर लागतं. त्याच्या रक्तावर मादी फुगते, खाली पडते आणि ढीगभर अंडी घालते.

शिमोग्यात हे मोठं जनावर कोणतं? गाय आणि म्हैस. 1960 च्या दशकात तिथे काम केलेले कोलंबियन शास्त्रज्ञ होर्हे बोशेल यांनी 1969 मध्ये हेच मांडलं. भातशेतीसाठी जंगल तोडलं, वस्ती वाढली, गुरं जंगलाच्या कडेला आणि आत चरायला जाऊ लागली. गुरांच्या रक्तातून गोचिडांना विषाणू फारसा मिळत नाही, पण गोचिडांची पैदास त्यांच्यावर होते. विषाणू बहुधा आधीपासून जंगलातल्या उंदीर-गोचिडांत गुपचूप फिरत होता. आपण त्याची वाहनं वाढवली.

लाईम आजाराबद्दल ऐकलं असेल तर तिथेही असंच आहे. अमेरिकेत हरणांना दोष देतात, पण गोचिडांना जंतू मिळतो तो मुख्यतः पांढऱ्या पायाच्या उंदरांकडून. हरणं मोठ्या गोचिडांना जेवू घालतात. म्हणजे तिथलं हरीण ते इथली म्हैस.

आणि माकड? त्याच्या रक्तात विषाणू इतका वाढतो की अंगावरचे कितीतरी गोचीड एकदम बाधित होतात. माकड मेलं, अंग थंड पडलं की ते उतरून तिथल्याच पाचोळ्यात पसरतात. तेवढी जागा महिनोन्‌महिने धोक्याची. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत माकड म्हणजे एरर मेसेज. बग दुसरीकडेच असतो. या आजाराच्या नावात माकड आहे हे मला अन्यायाचंच वाटतं. माणूस तर या साखळीचा शेवट. माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही, पण झालेल्या शंभरांतले तीन ते पाच जण दगावतात.

पुढे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कन्नडमधल्या बेळतंगडीकडे काजूच्या लागवडीसाठी जंगल तोडलं गेलं आणि त्यापाठोपाठ मोठी साथ आली. तरी बरीच वर्षं हा कर्नाटकाचा आजार समजला गेला. 2012 नंतर चित्र बदललं. बांदीपूर, निलगिरी, वायनाड, मग 2015 मध्ये सत्तरीतलं पाली गाव, 2016 मध्ये केर, 2017 मध्ये बांदा.

गोवा-सिंधुदुर्गातही काजूच होता. काजूची बोंडं पिकून जमिनीवर पडतात, ती वाकून, पाचोळा चिवडून गोळा करावी लागतात, आणि हंगाम नेमका फेब्रुवारी ते मे. गोचिडाचाही तोच. काजूच्या कामाला बेळगावकडून आलेले मजूरही आजारी पडले. आजार घेऊन ते आपल्या गावी परतले की तिथल्या डॉक्टरला हा साधा ताप वाटायचा.

या तापावर नेमकं औषध नाही. कोंबडीच्या भ्रूणपेशींत बनवलेली लस कर्नाटकात अनेक वर्षं दिली. ती दुखायची, दोन डोस आणि वर बूस्टर घ्यावे लागायचे, आणि तरी संरक्षण अपुरंच. 2022 मध्ये ती थांबवली. नव्या लसीचं काम चालू आहे. तोवर अंगभर कपडे, गोचीड पळवणारं तेल, आणि बागेतून आल्यावर गरम पाण्याने साबण लावून अंघोळ. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, लगेच आरोग्य केंद्राला किंवा वन खात्याला कळवा. त्या जागेभोवती कीटकनाशक मारलं जातं आणि माकडाचे नमुने तपासणीला जातात.