सोलापूरचं बोर्डिंग, १९२५

नववीत नापास झालो तेव्हा हेडमास्तर बापाला म्हणाले, "याच्या डोक्यात शिरत न्हाई. कामाला लावा." बापानं मान हलवली. मोठ्या माणसानं सांगितलं म्हणजे खरंच असणार.

आता मी सूतगिरणीत रात्रपाळी करतो, दिवसा वाचतो. वाचता वाचता माझ्याच गावातली एक गोष्ट सापडली. शाळेत ती कुणी सांगितली नव्हती.

बाबासाहेबांनी मुंबईत २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. वर्ष भरायच्या आत, ४ जानेवारी १९२५ ला, सभेनं सोलापुरात हायस्कूलच्या अस्पृश्य पोरांसाठी बोर्डिंग उघडलं. हायस्कूल शहरात, पोरं खेड्यातली. त्यांना भाड्यानं खोली कोण देणार? ताट कोण वाढणार? बोर्डिंगनं जेवण दिलं, कपडे दिले, वह्या दिल्या. नगरपालिकेनं महिना ४० रुपये मदत केली. कारभार जिवाप्पा ऐदाळेंनी पाहिला. हेच ऐदाळे १९३७ ला स्वतंत्र मजूर पक्षाकडून मुंबई विधानसभेत निवडून गेले.

मग काय झालं बघा. त्या पोरांनी 'सरस्वती विलास' नावाचं मासिक चालवलं! ज्यांच्या बापजाद्यांना अक्षराला शिवू दिलं न्हवतं, त्यांनी. डोकं तर आधीपासून होतंच की. पोटाला भाकर, हाताला वही आणि पाठीशी माणूस आला, तसं ते दिसायला लागलं.

त्याच्या ७० वर्षं आधीची गोष्ट. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मांगाच्या मुक्तानं १८५५ ला 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. शाळकरी पोर! शाळा तेव्हा पुण्यात दुसऱ्याही होत्या. पण चालवणाऱ्याला जी पोरं नकोच असतात, त्यांचं डोकं त्याला दिसणार कसं?

दोस्तहो, एकटा हेडमास्तर गरिबी हटवत न्हाई, हे मलाही कळतं. पण पोरगं मागं का पडलं हे विचारायचं, का त्याला घरी धाडायचं, एवढं तर त्याच्याच हातात असतं.

हे सगळं मी बापाला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तुझ्या हेडमास्तरनं कधी इचारलं व्हतं का रं, घरात अभ्यासाला जागा हाय का म्हनून?"

न्हवतं विचारलं.

यंदा धाकटी नववीत हाय. सोमवारी पाळी सुटली की थेट तिच्या शाळेत जाणार हाय. बाप संगं येतो म्हणलाय.