तलवार : जमिनीवरची आणि पाण्यावरची

रायपूरच्या चौबे कॉलोनीत बसून आज आपण आरमाराबद्दल बोलणार आहोत. समुद्र इथून लांब, पण अगदीच परका नाही. २०२२ साली नौदलात दाखल झालेल्या नव्या ‘विक्रांत’चे काही पोलाद आपल्या शेजारच्या भिलाईतले आहे. ते नावही दुसऱ्यांदा पाण्यात उतरले. पहिली ‘विक्रांत’ १९६१ ची. नौदलात जहाज मोडीत निघते, नाव निघत नाही.

पण आजची गोष्ट जमिनीवरून जहाजावर गेलेल्या नावाची आहे.

लोणावळ्याच्या डोंगरात ‘आयएनएस शिवाजी’ आहे, मुंबईत ‘आयएनएस आंग्रे’. दोन्ही जहाजे नाहीत, तळ आहेत. मग नावामागे ‘जहाज’ का? ही ब्रिटिश आरमाराची सवय. तिकडे प्रत्येक नौसैनिकाचे नाव कुठल्या तरी जहाजाच्या पटावर असावे लागे. शिस्त आणि शिक्षा त्या पटाला बांधलेली. म्हणून किनाऱ्यावरची शाळा किंवा बराकही कागदोपत्री जहाज ठरली. अशा तळाच्या फाटकातून सुट्टीवर निघालेला माणूस नौदलाच्या बोलीत ‘किनाऱ्यावर’ जातो, मग तो घाटमाथ्यावर का असेना!

कुलाब्यातली ‘एचएमआयएस तलवार’ असेच जमिनीवरचे जहाज होती. ती संदेशवहनाची शाळा. भिंतीवर ‘जय हिंद’, ‘चले जाव’ लिहिल्याबद्दल तिथल्या बी. सी. दत्त यांना फेब्रुवारी १९४६ च्या सुरुवातीला अटक झाली. निकृष्ट जेवण आणि वरिष्ठांच्या शिव्या यांनी पोरे आधीच पेटलेली होती. १८ फेब्रुवारीला त्यांनी न्याहारी नाकारली आणि बंड सुरू झाले. ते पसरले इतक्या वेगाने, याचे एक कारण उघड आहे: बंड करणारेच संदेश पाठवणारे होते. काही दिवसांत सुमारे ७८ जहाजे, २० तळ आणि २०,००० नौसैनिक त्यात सामील झाले. २१ तारखेला मुंबईच्या कॅसल बराकीत गोळीबार झाला. कराचीत ‘हिंदुस्तान’ नावाच्या जहाजाने ब्रिटिश तोफांना उत्तर दिले. शेवटी सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून २३ फेब्रुवारीला बंडवाल्यांनी शरणागती पत्करली.

आता या नावांचे पुढे काय झाले ते पाहा. कॅसल बराकीतल्या तळाचे नाव होते ‘डलहौसी’. १५ सप्टेंबर १९५१ ला तो तळ कान्होजींच्या नावाने ‘आंग्रे’ झाला. कराचीत लढलेले ‘हिंदुस्तान’ फाळणीत पाकिस्तानच्या वाट्याला गेले आणि ‘कारसाज’ झाले; आज कराचीतला एक नौदल तळ त्याच नावाने ओळखला जातो. आणि ‘तलवार’? १९५९ मध्ये भारताने ते नाव एका युद्धनौकेला दिले. डिसेंबर १९७१ मध्ये कराचीवरच्या दुसऱ्या हल्ल्यात ‘विनाश’ या क्षेपणास्त्र नौकेबरोबर ती होती. पंचवीस वर्षांपूर्वी ‘तलवार’ आणि कराची एकाच बाजूने लढली होती. २००३ मध्ये रशियात बांधलेल्या फ्रिगेटला पुन्हा तेच नाव मिळाले.

म्हणजे नावाला मान मिळाला. माणसांना? बंडात सामील झाल्याबद्दल बडतर्फ केलेल्या नौसैनिकांना स्वतंत्र भारताच्या नौदलाने परत घेतले नाही, पाकिस्ताननेही नाही. कारण समजण्यासारखे आहे: एकदा हुकूम मोडणारा पुन्हा मोडेल, ही भीती कुठल्याही लष्कराला असते. तरी हिशेब खटकतोच. ज्या पटावर नाव होते म्हणून त्यांना शिक्षा झाली, त्या पटाचे नाव आपण अभिमानाने नव्या जहाजावर रंगवले आणि पटावरची नावे बाहेर ठेवली.

तेव्हा यापुढे बातमीत ‘आयएनएस तलवार’ ऐकलीत, तर जहाज जरूर आठवा. पण त्याआधी कुलाब्यातली ती जमिनीवरची तलवार आठवा. भेटू पुढच्या भागात.