केशवाहिनीदाब व त्याचे नियमन

केशवाहिनीदाब : शरीरातील सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर आतून पडणारा रक्ताचा दाब. केशवाहिनीच्या भिंतीत स्नायू नसतो, त्यामुळे हा दाब तिला स्वतः ठरवता येत नाही. तो तिच्या अलीकडची रोहिणिका (रक्त आणणारी लहान वाहिनी) आणि पलीकडची नीलिका (रक्त परत नेणारी लहान वाहिनी) रक्ताला किती अडवतात, त्या प्रमाणावर ठरतो.

मोठ्या रोहिण्यांत सरासरी ९०-९५ मिमी. पारा असलेला दाब रोहिणिका ओलांडेपर्यंत ३०-३५ वर येतो आणि केशवाहिनीच्या शेवटी १२-१५ उरतो. रोहिणिकेची त्रिज्या निम्मी झाली की अडथळा सोळापट होतो. म्हणून स्नायूचे जरासे आकुंचनही पुरते. अलीकडचा अडथळा पलीकडच्याच्या साधारण चौपट असल्याने रोहिणीतील दाबवाढीचा सुमारे एक-पंचमांशच केशवाहिनीत उतरतो. नीलेतली वाढ मात्र चार-पंचमांश मागे चढते. पाटाचे वरचे दार आवळून पाणी कमी करता येते, पण खाली चर तुंबला तर वाफा भरतोच, तसे हे आहे.

केशवाहिनीतून द्रव बाहेर ढकलणारा हा दाब आणि द्रवाला आत धरून ठेवणारी रक्तातील प्रथिनांची ओढ (सुमारे २५ मिमी.) यांचा मेळ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये मांडला. त्यांचे मेहुणे विल्यम बेलिस यांनी १९०२ मध्ये दाखवले, की आतून ताण वाढला की लहान वाहिनीचा स्नायू आपोआप आवळतो. मेंदूचा किंवा चेतातंतूंचा हुकूम त्याला लागत नाही. केशवाहिन्यांतील रक्तप्रवाहाच्या नियमनावरील कामासाठी ऑगस्ट क्रोग यांना १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या यंत्रणेची खरी कसोटी पायांत लागते. येवल्याचा पैठणी विणकर पारंपरिक खड्डामागावर बसतो तेव्हा त्याची बैठक जमिनीलगत आणि पाय खड्ड्यात असतात. हृदय ते पाऊल हे उभे अंतर ८० सेंमी. धरले, तर रक्ताच्या त्या स्तंभाचाच भार सुमारे ६० मिमी. पारा होतो. तो रोहिणी आणि नीला दोन्हींत सारखाच वाढतो. पावलातील नीला अशा भरल्या की त्यांच्या भिंतीतून निघालेला स्थानिक चेतासंदेश रोहिणिका आवळतो आणि त्वचेतील रक्तप्रवाह निम्म्याच्या आसपास घटतो. केशवाहिन्यांत रक्त कमी येते, द्रवही कमी पाझरतो. पण दाब नीलेतील दाबाच्या खाली नेणे रोहिणिकेच्या हाती नाही. तो भार पोटरीच हलका करू शकते : माग चालवताना घोटा वरखाली झाला की पोटरीचे स्नायू नीला पिळून रक्त वर लोटतात. पदर विणताना मात्र प्रत्येक आडव्या धाग्यासाठी रंगारंगाच्या कांड्या हाताने फिरवाव्या लागतात. पाय त्या वेळी बराच काळ स्थिर राहतात. पैठणीचा सर्वांत देखणा भाग पायांना सर्वांत जड जातो, ही गोष्ट पदराचे कौतुक करताना आठवावी अशी आहे. मधूनमधून घोटे हलवणे, उठून चार पावले चालणे हा शरीररचनेला धरून असलेला उपाय आहे.

दीर्घकालीन मधुमेहात बारीक चेतातंतू खराब झाले, की रोहिणिकांची ही आवळण्याची प्रतिक्रिया मंदावते आणि पाय लटकले असतानाही प्रवाह चालूच राहतो. रक्तदाबावर सर्रास दिले जाणारे अॅम्लोडिपिन रोहिणिका सैल करते, नीलिका फारशी नाही. परिणामी रोहिणीतला दाब उतरतो आणि केशवाहिनीतला चढतो. काहींचे घोटे सुजतात. शरीरात पाणी साठल्याने ही सूज आलेली नसते, म्हणून लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ती फारशी हटत नाही. औषध मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगितले, तर मात्रा कमी करता येते किंवा नीलिकाही सैल करणारे दुसरे औषध जोडता येते. रात्री पाय आडवे राहिल्यावर सकाळी सूज बरीच उतरलेली दिसते.