नेवाशाच्या मातीतला धागा

आपल्या विहाराची सहल म्हटली की अजिंठा, वेरूळ नाहीतर नाशिकची लेणी, हे ठरलेलेच. यंदा आम्ही नेवाशाचे नाव काढले तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली तो पैस खांब तिथे आहे, एवढेच बहुतेकांना ठाऊक. आपले तिथे काय, असा सवाल आला. तरी दोन गाड्या भरून निघालो.

जुनी ठिकाणे बघायला जाणे ही आपल्या लोकांसाठी साधी गोष्ट नव्हती. गाडीत आम्ही पोरांना १९३४ सालची हकीकत सांगितली. बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाची धूळ म्हणून काहींनी दरवाजाजवळच्या हौदावर हातपाय धुतले, तर अस्पृश्यांनी पाणी बाटवले म्हणून मोठा गलका झाला. शेवटी सोबत हत्यारी शिपाई देऊन, कुठल्याही पाण्याला हात लावायचा नाही या बोलीवर किल्ला पाहू दिला. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. पोरे गप्प बसून ऐकत होती.

नेवाशाला प्रवरेकाठी लाडमोड नावाची टेकडी आहे. गावाकडे जिला पांढरी म्हणतात तीच ही. माणसे राहिली, घरे पडली, त्यावर पुन्हा घरे झाली, असे होत होत चढलेली माती. तिथे उतरल्याबरोबर एक मावशी म्हणाल्या, “भाऊ, मूर्ती नाही, स्तूप नाही, हा ढिगारा दाखवायला आणलं व्हय?”

इथे स्तूप आहे, असे आम्ही सांगितले नाही आणि सांगणारही नाही. आपल्यातले काही जण प्रत्येक टेकडीखाली स्तूप बघतात. उत्साह चांगला, पण पुराव्यावाचून बोललो तर जिथे खरोखर आपले आहे तिथेही कोणी ऐकणार नाही.

१९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही टेकडी खणली. १९६० साली निघालेल्या अहवालाचे नाव ‘फ्रॉम हिस्टरी टू प्रीहिस्टरी ॲट नेवासा’. वरून खाली, म्हणजे जवळच्या काळातून लांबच्या काळात. वर मुसलमानी-मराठा अमदानीतल्या बांगड्यांचे तुकडे. त्याखाली सातवाहनांची नाणी, आणि थेट रोमकडून आलेल्या कुंभांची खापरे. मध्ये काही शतके वस्तीच नाही. त्याखाली तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव, लाल भांड्यांवर काळी नक्षी काढणाऱ्यांचे. असली भांडी आपल्याच जिल्ह्यात संगमनेरजवळ जोर्वे इथे आधी सापडली, म्हणून त्यांना जोर्वे हेच नाव पडले. नदीच्या वाळूगोट्यांत तर लाखो वर्षांपूर्वीच्या दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या.

त्या शेतकऱ्यांच्या घरात जमिनीखाली मुले पुरलेली सापडली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि त्यात मूल. लांब मसणवटीत न्यायचे नाही, राहत्या घरातच. हे सांगितल्यावर मावशींनी पदर तोंडाला लावला. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांच्या आत धागा शिल्लक होता. सूत एरवी मातीत कुजून जाते, पण तांब्याच्या गंजाने ते राखले. तपासणीत त्यात रेशीम आणि कापूस दोन्ही निघाले.

आम्ही सूतगिरणीत तीस वर्षे रिंग फ्रेमवर काढली. हजारो चात्यांवरचा तुटलेला धागा बोटांनी जोडत पाळ्या केल्या. नेवाशाचा धागा कुणी चातीवर, नाहीतर मांडीवर हाताने वळला असेल. तो वळणाऱ्या बाईचे नाव कुठल्याच पुस्तकात येणार नाही, तिचा पीळ तेवढा आला.

धाग्याचा विषय निघाला म्हणून नाशिकचेही सांगतो. पांडवलेण्यात आपण चारदा गेलो, फोटो काढले, पण दहाव्या लेण्याच्या ओसरीतला लेख कुणी समजून घेतला नाही. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायम ठेवीने ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, पाऊण टक्क्याने. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चिवरासाठी पैसे द्यायचे. म्हणजे राजाचा जावई आपला पैसा विणकरांच्या हवाली करत होता, आणि त्यांच्या शब्दावर भिक्खूंचे चिवर चालत होते. आज आम्हाला पतपेढीत कर्ज काढायला दोन जामीनदार लागतात!

परत निघताना एका पोराच्या खिशात नक्षीचे खापर सापडले. आम्ही गाडी थांबवली. त्याचे वडील चिडले, म्हणाले, चार आण्याचा तुकडा नाही. त्यांना समजावले की कुठल्या थरात, कशाच्या शेजारी पडले यावरून खापराचे वय कळते. जागेवरून उचलले की ते मुके. शेवटी पोरगा स्वतःच उतरला आणि जिथून उचलले होते तिथे ठेवून आला. नेवासा फाट्यावर चहाला पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली होती.