सौर कृषिपंपाचा नियंत्रक : कार्य आणि उपयोग

सौर पॅनेलपासून मिळणारी वीज उन्हाच्या तीव्रतेनुसार सतत बदलत असते. पॅनेल आणि पंप यांच्यामध्ये बसविलेला नियंत्रक पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज मिळवून त्यानुसार मोटारीचा वेग कमी-अधिक करतो. पंप एसी असल्यास पॅनेलच्या डीसी विजेचे रूपांतरही तोच करतो. विहिरीतील पाणी पंपाच्या खाली गेल्यास तो मोटार थांबवतो. त्यामुळे ती जळण्यापासून वाचते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये सुरू केलेल्या पीएम-कुसुम योजनेत 'युनिव्हर्सल' नियंत्रकाचाही पर्याय देण्यात आला. सिंचनाची गरज नसताना त्यावर कडबाकुट्टी यंत्र किंवा पिठाची गिरणी चालविता येते. मात्र नियंत्रक मोटारीचे रक्षण करतो, भूजलाचे नव्हे. वीजबिल नसताना उपसा कोठे थांबवावा, हे शेतकऱ्यानेच ठरवावे लागते.