त्रेचाळीस सेकंद

21 ऑक्टोबर 2018, रविवार. वेळा यूटीसी, भारतात साडेपाच तास मिळवायचे.

22.52 – अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटहबचं एक बिघडत चाललेलं 100 जी ऑप्टिकल उपकरण बदललं जातंय. नेहमीचं काम. मुख्य डेटा सेंटरचा संपर्क तुटतो, 43 सेकंदांत जुळतो. एवढ्यात चहाला उकळीही येत नाही. ‘ऑर्केस्ट्रेटर’चं मतदान मात्र उरकलेलं असतं. मायएसक्यूएल डेटाबेसचा प्रायमरी, म्हणजे नोंदी स्वीकारणारा मुख्य सर्व्हर, दिसेनासा झाला की दुसरा नेमायचा, हेच त्याचं काम. राफ्ट या सहमती-पद्धतीच्या नियमांनी बहुमत जमतं, कारभार पश्चिम किनाऱ्याकडे जातो. पूर्वेच्या शेवटच्या काही नोंदी तिकडे पोचलेल्याच नाहीत, आणि पश्चिमेत नव्या नोंदी सुरू. एका दुकानाच्या दोन खतावण्या, दोन्ही खऱ्या.

23.02 – इंजिनियर डेटाबेस क्लस्टरची, म्हणजे सर्व्हरांच्या गटांची, रचना तपासतात, तर पूर्वेचे सर्व्हर यादीत नाहीतच.

23.19 – वेबहूक, म्हणजे इतर सेवांना जाणाऱ्या आपोआप सूचना, आणि गिटहब पेजेसची बिल्ड्स मुद्दाम थांबवली. साइट रखडली तरी चालेल, डेटा जाता कामा नये. हा निर्णय घ्यायला छाती लागते.

00.41 – बॅकअप उतरवायला सुरुवात. दर चार तासांनी घेतलेले, पण दूर क्लाउडवर ठेवलेले कित्येक टेराबाइट. बॅकअप परत चढवून पाहण्याची चाचणी रोज व्हायची. अख्खं क्लस्टर बॅकअपवरून उभं करायची वेळ मात्र आजवर आली नव्हती.

06.51 – काही क्लस्टर उभी. पुण्यात सोमवारची दुपार. वेबहूकवर टांगलेली बिल्ड्स हलत नाहीत.

11.12 – प्रायमरी पूर्वेला परतले. त्यांच्या प्रती, म्हणजे रेप्लिका, तासन्‌तास मागे, त्यात दिवसाची वर्दळ वाढते आणि त्या आणखी मागे पडतात. जादा रेप्लिका उभ्या कराव्या लागतात.

16.24 – रेप्लिका जुळल्या. रांगेत 50 लाखांहून जास्त वेबहूक. त्यातले सुमारे 2 लाख मुदत संपून गळाले.

23.03 – हिरवा दिवा. 24 तास 11 मिनिटं.

30 ऑक्टोबरला गिटहबनं हे सगळं मिनिटामिनिटासह जाहीर केलं. मला त्यातलं एकच वाक्य पुरतं: ऑर्केस्ट्रेटर सेटिंगबरहुकूमच वागला, पण ती उलथापालथ ॲप्लिकेशनला झेपणारी नव्हती. म्हणजे यंत्राला परवानगी होती, आणि ती कुठवर झेपेल याचा हिशेब सेटिंगच्या शेजारी नव्हता. प्रायमरी यापुढे प्रदेशाबाहेर जाणार नाही, असं ठरलं.

त्याच अहवालात न जुळलेल्या नोंदींचाही आकडा आहे. सर्वांत गजबजलेल्या क्लस्टरांपैकी एकात 954. काही आपोआप जुळणार होत्या. बाकीच्यांसाठी वापरकर्त्यांना गाठावं लागणार होतं.